किरकोळ दुरुस्ती

"यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही," असं मुकुंद दातार गोष्टीच्या आरंभी छातीठोकपणे सांगत, आणि तेवढं एक वाक्य खरं असे. पुढचं सगळं बेतलेलं. घारकड्याच्या रोपवेत बिबट्या शिरला, निमूट वर गेला आणि उतरताना रांगेत उभा राहिला, ही त्यांची गोष्ट साताऱ्यात सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींनी इतक्या वेळा ऐकली होती की बिबट्या कुठल्या ट्रॉलीत बसला तेही आता सगळ्यांना पाठ होतं. मंडळी हसत आणि घरी जात. कुणी कधी "दातार, हे खोटं" असं तोंडावर म्हणालं नाही. माणसांना तेवढ्याचाही कंटाळा असतो.

अशा माणसाला एकाहत्तराव्या वर्षी नोकरी लागली, आणि तीही कारणं सांगण्याची.

नोकरी देणारी कंपनी त्यांची जुनीच, शिखर रोपवे कंट्रोल्स. घारकड्यावर नव्वद घरांचं गाव आहे. बाजार, दवाखाना आणि बाकीचं जग खाली. मधे सव्वा किलोमीटर तार, चार खांब आणि सहा ट्रॉल्या. त्या केव्हा सुटायच्या, किती वेगानं जायच्या, वारा किती झाला की थांबायच्या, हे सगळं शिखरच्या प्रोग्रॅमवर चालतं. तो प्रोग्रॅम पूर्वी अकरा माणसं लिहीत. आता त्या अकरा खुर्च्या एका खोलीत एकमेकींवर रचून ठेवल्या होत्या आणि प्रोग्रॅम एजंट लिहीत होते.

एजंट म्हणजे प्रोग्रॅम लिहिणारा प्रोग्रॅम. एका कामापुरता जागा होतो, दहा माणसांचं महिन्याचं काम दुपारच्या चहाआधी उरकतो आणि सगळं विसरून विझतो. पुढच्या कामाला येणारा एजंट तितकाच हुशार आणि तितकाच कोरा. दातारांच्या मते हा आदर्श नोकर होता. कष्टाळू, गर्विष्ठ, आणि कालचं काहीही न आठवणारा. जुन्या मालकांना असाच नोकर हवा होता. बिचारे तो न बघताच वारले.

"दातार सर, अडचण अशी आहे," रेवती चौबळ म्हणाली. ती नव्या मालकांची इथली प्रमुख, वय एकतीस, बोलताना हातानं हवेत चौकोन काढायची सवय. "एजंटला जुन्या प्रोग्रॅममधली ओळ दिसते, पण ती का आहे ते कळत नाही. मग त्याला ती कचरा वाटते."

"आम्हालाही वाटायची."

"म्हणून आम्ही मागमूस आणलंय."

मागमूस हे त्या अवजाराचं नाव. प्रोग्रॅमचं एक भांडार असतं. त्यात कुणी एक अक्षर बदललं तरी नोंद पडते, तिला कमिट म्हणतात. काय बदललं, कुणी, केव्हा, आणि एका ओळीत, का. प्रत्येक नोंदीत आधीच्या नोंदीचा ठसा गुंफलेला असतो. मधलीच एखादी बदलायला जावं तर पुढच्या सगळ्यांचे ठसे बिघडतात आणि लबाडी उघडी पडते. जुनं पुसता येत नाही, फक्त खाली नवं टिपण जोडता येतं. मागमूस हा सगळा इतिहास वाचून बसलेलं. एजंटनं एखाद्या ओळीवर बोट ठेवलं की ते सांगणार: ही ओळ अमक्यानं तमक्या दिवशी घातली, तिच्याबरोबर हे हे बदललं, त्या दिवशी वारा इतका होता, तक्रार अशी आली होती, आणि कारण हे.

"आणि कारण नसेल तर?"

"तर ती ओळ अकारण. तीस दिवसांची मुदत. मग एजंट ती काढतो, चाचण्या घेतो, आणि चाचण्या पास झाल्या की झालं." तिनं हवेतला चौकोन पुसला. "तुम्ही दोन कामं करायची. एक म्हणजे मागमूस कसं वापरायचं याची पुस्तिका लिहायची. एजंटांसाठी."

"यंत्रांनी वाचायची पुस्तिका माणसानं लिहायची?"

"एजंटनंच लिहिली होती आधी. बाकीच्या एजंटांना ती फार आवडली. म्हणून आम्हाला संशय आला." हे ती हसून बोलली नाही. "दुसरं काम जुन्या नोंदींचं. चार हजार तीनशे आहेत. चार हजार शंभरांवर एकच कारण लिहिलंय."

"किरकोळ दुरुस्ती," दातार म्हणाले.

"तुम्हाला कसं माहीत?"

"दुसरं काही लिहायची आमच्यात पद्धत नव्हती."

"आणि सगळ्या एकाच माणसाच्या नावावर आहेत. हणमंत शेडगे. हे शेडगे फारच काम करायचे का?"

"झोपतच नसे," दातार म्हणाले.

शेडगे व्यवस्थित झोपत असे. भानगड अशी होती की भांडारात नोंद करायचा परवाना चिक्कू मालकांनी एकच घेतला होता, आणि त्याचा फॉर्म भरायला त्या दिवशी शेडगे समोर सापडला. कोपऱ्यातलं यंत्र त्याच्या नावानं उघडं असे आणि अकराही जण आपापला बदल तिथं बसून नोंदवत. कारणाच्या रकान्यात काहीतरी लिहिल्याशिवाय यंत्र पुढे जात नसे, म्हणून पहिल्याच आठवड्यात कुणीतरी "किरकोळ दुरुस्ती" लिहिलं, आणि पुढची बावीस वर्षं बाकीच्यांनी ते, जुना मजकूर परत आणणारा वरचा बाण दाबून, पुन्हा पुन्हा वापरलं. इंजिन बदललं, किरकोळ दुरुस्ती. ब्रेकचं गणित चुकलं होतं, किरकोळ दुरुस्ती. अकरा पदवीधरांनी मिळून दोन शब्द लिहिले, आणि तेही एकानं.

शेडग्याची याला हरकत नव्हती, कारण त्याला त्या टोळक्याची गरज होती. त्याची आई अर्धांगवायूनं पडून होती. कोरेगावच्या त्यांच्या दोन खोल्यांतून ती अकरा वर्षं बाहेर आली नाही. शेजारची बाई संध्याकाळपर्यंत बसे, पण तिलाही घर होतं. म्हणून शेडगे रोज साडेचारला हळूच निघून एसटी धरी, आणि हजेरीच्या वहीत त्याच्या नावापुढे "जाण्याची वेळ सात" असं मुकुंद दातार लिहीत. उपकार होता तो. दातारांनी आयुष्यात केलेल्या थोड्या उपकारांपैकी एक, आणि त्याचं पुढे जे झालं ते बघता, त्यांनी तोही करायला नको होता.

पहिला महिना मजेत गेला. दातारांनी पुस्तिका लिहिली आणि बरी लिहिली. भरवसा कसा मोजतात हे त्यांनी सोप्या शब्दांत मांडलं. सांगितलेलं कारण मागमूस तीन गोष्टींशी ताडून बघतं: त्या दिवसाची कागदपत्रं, त्याच वेळी झालेले इतर बदल, आणि लिहिणाऱ्याचा हात, म्हणजे लिहायची धाटणी. साठ टक्क्यांच्या खाली भरवसा गेला तर कारण नसल्यासारखंच. त्यात एक वाक्य त्यांनी स्वतःच्या पदरचं घातलं: "एका माणसानं सांगितलं तर ती गोष्ट, दुसऱ्यानं दुजोरा दिला तर ते कारण." रेवतीला ते इतकं आवडलं की तिनं त्याचा नियमच करून टाकला. कागद नसेल तिथे दोन माणसांची साक्ष चालेल.

उरलेल्या वेळात ते जुन्या नोंदींना कारणं पुरवीत. चारपैकी एखादं कारण त्यांना खरंच आठवे. बाकीची ते पाडत. खालच्या स्टेशनात ट्रॉली सात सेकंद जास्त थांबते. खरं कारण असं की मालकांच्या मेव्हण्याचं तिथं वड्यांचं दुकान होतं. दातारांनी लिहिलं, "माकडं दारात शेपूट अडकवून घेत असल्यामुळे." मागमूसनं क्षणभर विचार केला, जुन्या तक्रारींत चौदा ठिकाणी माकडं सापडली, आणि भरवसा दिला ब्याऐंशी टक्के. एका एजंटनं खूश होऊन शेपटांसाठी वेगळी चाचणीसुद्धा लिहिली.

दातार खुर्चीत मागे रेलले. फिरायला येणाऱ्या मंडळींपेक्षा हा श्रोता फार बरा होता. तो घरी जात नव्हता.

मग एका सोमवारी पडद्यावर ती ओळ आली.

तिसऱ्या खांबावर वारा मोजणारं यंत्र आहे. त्याच्याकडून येणाऱ्या आकड्याला ही ओळ दीडनं गुणत होती. यंत्र म्हणालं वारा बत्तीस, तर प्रोग्रॅमनं समजायचं अठ्ठेचाळीस. पंचेचाळीसच्या वर ट्रॉल्या थांबतात. म्हणजे ही ओळ असेल तर बत्तीसला रोपवे बंद, आणि नसेल तर चालू. नोंद शेडगे यांची. वेळ संध्याकाळी सहा चाळीस. कारण, किरकोळ दुरुस्ती. मुदत संपायला नऊ दिवस.

तारीख दातारांनी वाचली नाही. ती त्यांना पाठ होती. एकोणीस वर्षांपूर्वी त्या दिवशी सकाळी तिसऱ्या खांबापाशी ट्रॉली वाऱ्यानं फिरली आणि खांबावर आपटली. शाळेत निघालेल्या गुरवबाईंचा उजवा हात खांद्यातून निखळला.

दातारांनी लिहिलं, "विजा चमकताना यंत्र कमी आकडा दाखवत असल्यामुळे."

भरवसा अकरा टक्के. त्या वर्षी विजेची एकही तक्रार नव्हती.

"पावसाळ्यात गंज चढून चाक जड फिरत असल्यामुळे." नऊ टक्के. यंत्र त्याच वर्षी नवं बसवलेलं होतं, आणि त्याला फिरणारं चाकच नव्हतं. तो बदल दातार विसरले होते.

मग त्यांनी पाऊण खरं लिहिलं. यंत्र खांबाच्या आतल्या अंगाला, कड्याच्या आडोशाला बसवलेलं आहे. पश्चिमेचा वारा तिथे पुरता पोचत नाही, दोन तृतीयांशच पोचतो, म्हणून दीडपट.

चार टक्के.

"बसवणीच्या नकाशाप्रमाणे यंत्र खांबाच्या बाहेरच्या आडव्या हातावर, मोकळ्या वाऱ्यात आहे," मागमूस म्हणालं. त्याचा आवाज जुन्या रेडिओवरच्या बातम्यांसारखा, स्वच्छ आणि कुणाचाच नसलेला. "नकाशावर सही आहे: बसवणी जागेवर तपासली, मु. दातार."

सही होतीच. बाहेरच्या हातावर जायचं म्हणजे शंभर मीटर दरीवर दहा इंची पट्टीवरून सरकत जावं लागे. दातारांनी तेव्हा खाली एकदा बघितलं, कामगाराला म्हणाले, "आतच लाव रे, वारा काय आतबाहेर बघून येतो?" आणि खाली उतरून यंत्र बाहेर दाखवणाऱ्या नकाशावर सही करून टाकली. पुढे यंत्र दोनदा बदललं, पण त्याच आतल्या आधारावर. नकाशात ते अजून बाहेर होतं. एजंटांच्या चाचणीतला खांबही नकाशातूनच उचललेला, त्यामुळे दीडपट काढली की चाचणी पास होणार आणि वर सुधारणा म्हणून कौतुक होणार. भित्र्या माणसाच्या एका सहीवर दोन पिढ्यांची हुशारी उभी होती.

"मॅडम, ड्रोन पाठवून बघा ना," ते रेवतीकडे जाऊन म्हणाले. "यंत्र कुठे आहे ते डोळ्यांनी दिसेल."

"घारींची घरटी आहेत, सर. पिल्लं उडेपर्यंत अडीच महिने ड्रोनला बंदी."

"मग माणूस चढवा."

"त्यासाठी रोपवे दिवसभर बंद ठेवावा लागेल. वरिष्ठांना कारण द्यावं लागतं, आणि साठच्या वरचं. तुमचं चार आहे." तिनं त्यांच्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. "ओळ तेवढी महत्त्वाची आहे का?"

"असेल किंवा नसेल," दातार म्हणाले, आणि स्वतःचंच बोलणं ऐकून त्यांना त्या बिनचेहऱ्याच्या बातम्या देणाऱ्या आवाजाची आठवण झाली.

जागेवर परत येऊन ते त्या आवाजाला म्हणाले, "ही ओळ शेडग्याचीच कशावरून?"

"नोंद त्यांच्या नावे आहे. हात त्यांचा वाटत नाही. तुलना लिहिताना या हातानं मर्यादा आधी आणि मोजमाप नंतर लिहिलं आहे. असं फार थोडे लोक लिहितात. या भांडारातल्या सहाशे नोंदींत हा हात आहे. मागमूसच्या पुस्तिकेतल्या उदाहरणांतही तोच आहे."

"किती टक्के?"

"चौऱ्याण्णव."

"मग हे तू कुणाला सांगितलं का नाहीस?"

"कुणी विचारलं नाही."

हेही दातारांना ओळखीचं वाटलं. फक्त, अपघाताच्या चौकशीत त्यांना विचारलं होतं. शेडगे सांगत होता की मी साडेचारलाच जातो, सहा चाळीसला मी नव्हतोच. वहीत सात लिहिलेलं होतं. चौकशीच्या साहेबांनी विचारलं, दातार, तुम्ही बघितलंत का त्यांना? दातार म्हणाले, "माझं लक्ष नव्हतं." अकरा जण एका नावानं काम करतात हे बाहेर फुटलं असतं तर कंपनीचा परवाना गेला असता, म्हणून मालकांचंही लक्ष नव्हतं. उरलेल्या नऊ जणांचंही नव्हतं. अपघात झाला त्याच दिवशी संध्याकाळी गुपचूप आकडा बदलणारा माणूस म्हणून शेडग्याला काढलं. परवान्यावर नाव मात्र पुढेही त्याचंच राहिलं. जाताना त्यानं सगळ्यांना चहा पाजला. हा भाग दातारांनी कुठल्याही गोष्टीत कधी वापरला नव्हता. फारच खोटा वाटला असता.

मुदतीला तीन दिवस उरले तेव्हा ते घारकड्याच्या खालच्या स्टेशनात गेले. काय बघायला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. वारा पश्चिमेचा होता. फलकावरचा दीडपट आकडा एकेचाळीस दाखवत होता. ट्रॉलीत दाराजवळ एक वयस्क बाई बसल्या होत्या, डाव्या हातानं दांडा धरून. उजवा हात मांडीवर एखादी पिशवी ठेवावी तसा ठेवलेला.

"दातार ना तुम्ही?" गुरवबाई म्हणाल्या. "त्या शेडग्याच्या ऑफिसातले?"

"हो. बाई, तुम्ही अजून जाता वर?"

"मुख्याध्यापक झाले, निवृत्त झाले, तरी जाते. गणिताला कुणी येत नाही वर. हा हात वर जात नाही, म्हणून फळ्याच्या खालच्या अर्ध्यावर शिकवते." त्यांनी मांडीवरचा हात डाव्या हातानं उचलून नीट ठेवला. "सवय झाली. पण खरं सांगू का, त्या शेडग्याला मी अजून शिव्या घालते. रोज नाही. वारा असला की. चूक होते माणसाच्या हातून, पण झाकायला गेला मेला."

"हो," दातार म्हणाले.

"तुम्ही ओळखत होता ना त्याला? कसा होता?"

दार आपोआप मिटलं. सात सेकंद जास्त थांबून ट्रॉली निघाली. माकड एकही नव्हतं.

कोरेगावात स्टँडच्या मागे हणमंत शेडग्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळलेल्या पाणमोटारीतली जुनी तार काढायची, नवी भरायची. दुकानात व्हार्निशचा वास आणि भिंतीला मोटारींची पोटं टांगलेली. शेडगे साच्यावर तांब्याची तार गुंडाळत होता आणि पुटपुटत वेढे मोजत होता.

"काय मुकुंदा. वाट चुकलास काय?" त्यानं मान वर केली नाही. "एकतीस, बत्तीस. बस की."

"हणमंता, तुझा विश्वास बसणार नाही—"

"ते दे सोडून. काम काय ते बोल. छत्तीस."

दातारांनी फोन बाकावर ठेवला. पलीकडे रेवती होती आणि तिच्याबरोबर मागमूस. "मॅडम, दुसरा साक्षीदार इथे आहे. पहिला मी. लिहून घ्या."

आणि त्यांनी सांगितलं. बाकावर बसून, एकही बिबट्या मधे न आणता. दरी बघून पुढे सरकलो नाही. यंत्र आत लावायला लावलं आणि बाहेरच्या नकाशावर सही केली. त्यामुळे वारा कमी दिसला, ट्रॉली सुटली, बाईंचा हात गेला. संध्याकाळी हणमंताच्या यंत्रावर बसून मी दीडपट घातली आणि वरचा बाण दाबून किरकोळ दुरुस्ती लिहिलं. वहीत त्याची वेळ मीच लिहिली होती. चौकशीत मी गप्प बसलो. सांगताना त्यांच्या लक्षात आलं की खरी गोष्ट फार लहान असते. तीन मिनिटांत संपली.

शेडगे मोजत होता. "ऐंशी. एक्क्याऐंशी."

"शेडगे यांनी दुजोरा द्यावा," मागमूस म्हणालं. "त्या दिवशी सहा चाळीसला आपण कुठे होता?"

"घरी. आईला भरवत होतो. साडेचारची गाडी धरायचो मी. वहीत हा लिहायचा." तार थांबली नाही. "यंत्र आत हाय ते मला ठावं होतं. ज्या पोरानं लावलं त्यानंच सांगितलं होतं, मला काढल्यावर दोन महिन्यांनी. मी मालकाला पत्र टाकलं. उत्तर न्हाई आलं. पत्राची झेरॉक्स हाय घरात."



"भरवसा एक्क्याण्णव टक्के," मागमूस म्हणालं. "ओळ सकारण. एजंटांना तसं टिपण जोडलं आहे. टिपणावर नाव, मुकुंद दातार. हे टिपण पुढे पुसता येणार नाही."

"दातार सर," रेवतीचा आवाज आला. चौकोन काढणारा हात बहुधा थांबला होता. "रोपवे मी आत्ता बंद करतेय, माणूस चढवायला. आणि हे निरीक्षकांना कळवावं लागेल. गुरवबाईंनाही. तुम्हाला कल्पना आहे ना?"

"आहे."

फोन बंद झाला. बाहेर एसटी मागे घेताना कंडक्टरची शिट्टी वाजत राहिली. शेडग्यानं तार पुढे गुंडाळायला घेतली, आणि दातारांना वाटलं की आता हा काहीतरी बोलेल. शिवी देईल, उठवेल, निदान चहा तरी सांगेल. त्यानं काहीच केलं नाही. एकशे चार, एकशे पाच. असल्या शांततेत बसायची दातारांना सवय नव्हती. आयुष्यभर त्यांनी अशी प्रत्येक जागा काहीतरी सांगून बुजवली होती.

"मी तेव्हाच सांगणार होतो, हणमंता," ते म्हणाले. "त्याच आठवड्यात. तुझ्या घरी आलो होतो मी, रविवारी, भर दुपारी. अर्धा तास उभा होतो दारात, देवाशपथ. पण तुमच्या दाराला कुलूप होतं. तसाच परत गेलो."

वेढे मोजायचे थांबले. शेडग्यानं पहिल्यांदा मान वर केली आणि दातारांकडे बघितलं. रागानं नव्हे. मोटार उघडल्यावर आतलं सगळंच जळालेलं दिसतं, तेव्हा बघतात तसं.

"कुलूप कसलं, मुकुंदा? खोटं बोलतोयस," तो म्हणाला. "आई होती की रं घरात."